पोटाखालचा काटा

खिडकीच्या शटरचा पट्टा ओढायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली, त्यामुळे मी नक्की कशाने दचकले ते सांगता यायचं नाही. पट्टा हातातून सुटला, शटर अर्ध्यावर येऊन तिरकं अडकलं आणि वरच्या खोक्यातून काहीतरी टपकन खिडकीच्या कट्ट्यावर पडलं. फोन उचलला. पलीकडे एक कोवळा, अदबशीर आवाज. “आम्मान बाई का? हेडी आम्मान? मी नीना कावेन. सकाळी सकाळी त्रास देतेय.” मी म्हटलं, त्रास देऊन झालाय, आता कारण सांगा. ती हसली. तपकिरी ढेकण्या नावाचा परका किडा या देशात कुठून आणि कसा शिरला यावर आम्ही काम करतोय, म्हणाली, मालतपासणीचे जुने कागद चाळतोय, आणि एका कागदावर तुमची सही आहे. मातीची जुनी कौलं, चाळीस खोकी, पेंढ्यात बांधलेली, लांब पूर्वेकडून आलेली. “सह्या मी आयुष्यभर केल्या बाई,” मी म्हटलं, “त्याचाच पगार मिळायचा.” “हो ना. पण या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही आधी काहीतरी लिहिलंय आणि मग खोडलंय. चांगलं गिरवून गिरवून खोडलंय. शहाण्णवचा नोव्हेंबर, तेरा तारीख, बुधवार, सकाळी साडेदहा. आठवतंय का काही?” मी म्हटलं, बुधवार नाही, शुक्रवार. तोंडातून निघून गेलं. ती जपून म्हणाली, “कागदावर बुधवार आहे. म्हणजे आठवतंय तुम्हाला. मंगळवारी येऊ का मी?” मी ‘या’ म्हणाले. फोन ठेवला आणि खिडकीपाशी गेले. कट्ट्यावर पडलेला ढेकण्या उताणा होऊन पाय झाडत होता. गुळगुळीत पोट, काटा नाही. त्याला उलटा करायची तसदीसुद्धा मला घ्यावी लागली नाही.

तो काटा काय, ते आधी सांगून टाकते, कारण माझ्या झोपेचं खोबरं त्यानेच केलंय. आमच्याकडचा जुना करडा ढेकण्या दिसायला थेट या नव्यासारखा. थंडीची चाहूल लागली की तोही घराच्या फटीफटीत शिरतो, पण तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवा मात्र उन्हाळाभर बागेत असतो, फळाफळाला सोंड खुपसतो आणि फळाची माती करतो. वरून पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ. उलटा केला की कळतं: जुन्याच्या पोटाखाली, पायांच्या मधोमध, पुढे रोखलेला एक काटा असतो, नव्याला नसतो. हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, त्याची पत्रकं निघतात. तेव्हा मात्र नवा म्हणून कुणी असतो हेच इथे कुणाला माहीत नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते ऐकूच येत नाही. नवा माहीत नव्हता, पण नियम माहीत होता ना! बांधणीच्या सामानात जिवंत किडा दिसला की तो उलटा करून बघायचा, काचेच्या नळीत घालायचा, नळीवर खोक्याचा नंबर टाकायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. मग तो ओळखीचा असो नाहीतर तुमच्या सासरचा असो. हे मी नव्या लोकांना शिकवायची, आणि कुणी चुकलं की चारचौघांत अशी बोलायची की माणूस लालबुंद व्हायचा. आणि चाळीस खोक्यांतल्या उघडलेल्या एका खोक्यात, पेंढ्याच्या घडीत, पाय पोटाशी घेऊन बसलेला एक तपकिरी ढेकण्या मी पाहिला, शेऱ्यात ‘ढेकण्या, एक’ असं लिहिलं, आणि खोडलं. नळ्या माझ्या खिशात होत्या. तो कुठला होता, आपला की परका, ते देवालाच ठाऊक.

फोन आला त्याच दिवशी मला युर्गकडे जायचं होतं. युर्ग म्हणजे माझ्या भावाचा, एमिलचा मुलगा. थुर्गावात त्याची नाशपतीची बाग आहे, एमिलनेच लावलेली. आमच्या इमारतीतल्या सगळ्या भाडेकरूंना एकदम नोटीस मिळाली होती, सगळं पाडून नवं करायचंय म्हणे. चार मजल्यांवर आता मी आणि तळमजल्यावरचा एक सतार वाजवत असल्यासारखा खोकणारा म्हातारा, एवढेच उरलो होतो. झुरिकमध्ये एकाहत्तर वर्षांच्या बाईला, माझ्या पेन्शनमध्ये, कोण घर देतंय! युर्ग म्हणाला, आत्या, फळकोठीच्या वरची खोली रिकामीच आहे, तू ये, विचार कसला करतेस. मार्लीसनेही, म्हणजे त्याच्या बायकोने, फोन हिसकावून घेऊन सांगितलं, “या हो आत्या, मला बोलायला कुणीतरी मिळेल, हा तर झाडांशीच बोलतो.” महिनाअखेरीला जायचं ठरलं. सोमवारी कपाट, पलंग आणि शिलाईयंत्र पुढे गेलं, मी गादी जमिनीवर टाकून झोपत होते. आणि त्या दिवशी तिथे शरदातली पेटी उतरवायची होती. पेटी म्हणजे ढेकण्यांसाठी लावलेला सापळा. दरवर्षी ते काम माझं, कारण त्या घरात किडे ओळखणारी मी एकटी. त्या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता!

गाडीत खिडकीशी बसले. उबदार वारा सुटला होता, ऑक्टोबर असूनही लोक कोट काढून मांडीवर घेऊन बसले होते. असल्या दिवशी ढेकण्ये सगळ्यात जास्त फिरतात, उन्हाने तापलेल्या भिंती शोधत. माझं मन मात्र त्या बुधवाराभोवती घोटाळत होतं. बुधवार! अठ्ठावीस वर्षं मी तो शुक्रवार म्हणून जपला होता. शुक्रवारची संध्याकाळ, मालधक्क्यावर अंधारून आलेलं, माल उचलणारं यंत्र चालवणारा तो दांडगा ब्रूनो ओरडतोय, ‘बाई, आटपा, आम्हालाही बायका-पोरं आहेत,’ साहेब घड्याळ बघतोय, मी सबंध आठवड्याची थकलेली. असा सगळा देखावा मी किती बारकाईने मांडून ठेवला होता! ब्रूनोच्या टोपीचा रंगसुद्धा होता त्यात. आणि एका पोरीने, माझ्या निम्म्या वयाच्याही नसलेल्या पोरीने, तारीख वाचून तो एका वाक्यात पाडून टाकला. बुधवार, सकाळी साडेदहा. म्हणजे ब्रूनो ओरडत नव्हता. त्याची न्याहारीची वेळ ती, तो आत पाव खात बसलेला असणार. साहेब तर बुधवारी यायचाच नाही. मग राहिलं कोण? मी आणि तो किडा. कुणी मागे लागलेलं नाही, उजेड भरपूर, वेळ भरपूर. मग का नाही केलास उलटा, हेडी? माझं उतरायचं स्टेशन, वाइनफेल्डेन, येईपर्यंत मी ते कारण इकडून तिकडे ढकलत राहिले. बरं वाटत नव्हतं का? छे, ठणठणीत होते. कंटाळा आला होता नोकरीचा? मुळीच नाही, मला ते काम आवडायचं. आणि मग, स्टेशन येण्याआधी थोडंसं, ते आलं. थंडी होती. हात फुटले होते, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या, मलम लावून वर लोकरीचे हातमोजे चढवलेले. जाड मोज्यांनी किडा उलटा होत नाही. मोजा काढावा लागला असता, मलमाला लोकर चिकटली असती, दुखलं असतं. शेरा लिहायला मोजा चालतो, कशीबशी पेन्सिल धरता येते. मी लिहिलं, मग लक्षात आलं की शेरा लिहिला तर नळी लागणार, नळी लागली तर मोजा काढावा लागणार. म्हणून खोडलं. बास. एवढंच. एखाद्या मोठ्या पापाचं कारणसुद्धा मोठं असावं असं वाटतं माणसाला, निदान सांगताना तोंड तरी वर करता येतं. हातमोजा! मला हसू आलं आणि समोरच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

बसमधून उतरून चढण चढताना एमिल आठवत होता. तो जाऊन आता सहा वर्षं झाली. ज्या वर्षी पहिल्यांदा बाग बिघडली त्या वर्षी त्याने माझ्यासमोर टेबलावर एक नाशपती कापली होती. वरून खळगे खळगे, आत गर जागोजागी बुचासारखा झालेला. मग खिशातून काड्यापेटी काढली. “तू किड्यांची बाई ना? सांग हा कोण.” मी लगेच उलटा केला, ऐटीत सांगितलं, हा तो नवा, परका, झुरिककडे सापडायला लागलाय म्हणतात. नाव घेतलं मी त्याचं लॅटिनमधलं. आणि नाव घेता घेताच मला पेंढा दिसला. मी पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून बसले. एमिल म्हणाला, “झुरिककडे? म्हणजे मीच आणले गं, हेडी. दोन वर्षांपूर्वी झुरिकच्या बाजारातून फळांची जुनी खोकी आणली ना मी स्वस्तात. त्यातूनच आले असणार.” आणि तो ते म्हणतच राहिला. दर हिवाळ्यात, दर सणाला, दारू चढली की जास्त, शेवटी दवाखान्यातसुद्धा. “ती खोकी आणायला नको होती.” मी काय म्हणायची? “असं काही नसतं रे एमिल, ते हजार वाटांनी येतात.” खोटं नव्हतं ते. हजार वाटांनी येतातच. पण त्या हजारातली एक मला ठाऊक होती आणि त्याबद्दल मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याच्या अंत्यविधीला मी सगळ्यात पुढे बसले होते, सख्खी बहीण म्हणून, आणि गावातले लोक माझा हात धरधरून मला धीर देत होते.

युर्ग कोठीच्या पाठीमागे होता. नैर्ऋत्येच्या भिंतीवर, वळचणीखाली, काळी रंगवलेली ती लाकडी पेटी लटकत होती. आत फळ्यांवर फळ्या, मध्ये नखभर फटी. ढेकण्यांना अशाच जागा लागतात, अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशा. एक शिरला की तो आपल्या वासाने बाकीच्यांना बोलावतो. ऊन उतरून भिंत गार झाली की ते सुस्तावतात, मग पेटी खाली घ्यायची, फळ्या एकेक करून उचलायच्या आणि सगळे साबणाच्या पाण्याच्या बादलीत. फक्त मी मध्ये बसते आणि प्रत्येकाला उलटा करते. काटा असलेला निघाला तर तो मी गवतात सोडते. “आली बघा कस्टमवाली,” युर्ग शिडीवरूनच ओरडला. “पासपोर्ट काढा रे सगळे, रांगेत उभे राहा.” “गप्प बैस आणि पेटी नीट धर,” मी म्हटलं, “गेल्या वर्षी माझ्या पायावर टाकणार होतास.” “पाय तू मध्ये आणलास, आत्या.” तो उतरला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता यंत्र येणार होतं, ढेकण्यांनी दरवर्षी नासवलेल्या वरच्या अंगाच्या नाशपतीच्या सहा ओळी मुळासकट काढायला. त्या सहा ओळी एमिलने लावल्या तेव्हा युर्गचा जन्मही नव्हता. झाडांना लाल रंगाच्या खुणा केलेल्या दिसत होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं. “खोली बघितलीस का वर?” तो म्हणाला. “हीटर लावून ठेवलाय. मार्लीसने पडदे शिवले, निळे. तुझ्याच यंत्रावर, न विचारता. रागावू नकोस.” मी म्हटलं, “रागावेन कशाला.” आवाज मला माझाच वाटेना.

पहिली फळी उचलली. खाली दाटीवाटीने बसलेले, एकावर एक, हलण्याची इच्छा नसलेले. कुजलेल्या कोथिंबिरीसारखा तो वास नाकात शिरला. मी एकेक उचलायला लागले. उलटा, काटा नाही, बादली. उलटा, काटा नाही, बादली. युर्ग शेजारी पालथ्या खोक्यावर बसून फळ्या खरवडत होता आणि सांगत होता की पुढच्या वर्षी तिथे जर्दाळू लावायचा विचार आहे, मार्लीस म्हणते द्राक्षं, मार्लीस आता वृद्धाश्रमात आठवड्याचे पाच दिवस कामाला जाते, तिच्या पायांना सूज येते. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. गप्प राहायचं ठरवलं तर काय होईल, याचा हिशेब डोकं करत होतं. मंगळवारी ती पोरगी येईल, मी म्हणेन, आठवत नाही बाई, वय झालं. ती मान डोलावेल, कागद परत पिशवीत घालेल. महिनाअखेरीला मी या खोलीत येईन, निळे पडदे ओढेन, सकाळी खाली येऊन यांच्यात कॉफी पिईन. मेल्यावर एमिलच्या शेजारी. सगळं जागच्या जागी. आणि रोज खिडकीतून त्या सहा ओळींच्या जागची मोकळी माती दिसेल. नाही जमायचं, असं वाटलं. आणि मग वाटलं, का नाही जमायचं? इतकी वर्षं जमलंच की. हे जास्त भीतीदायक होतं. माझ्या बोटांत एक ढेकण्या धरलेला तसाच राहिला.

“युर्ग,” मी म्हटलं, “सोमवारी यंत्र यायच्या आधी मला तुला एक सांगायचंय.”

“भाड्याचं पुन्हा काढू नकोस हं. भाडंबिडं काही नाही.”

“भाड्याचं नाही.” आणि मी सांगितलं. कौलं, पेंढा, एक किडा, लिहिलेला शेरा, खोडलेला शेरा, सकाळचा फोन, मंगळवारी येणारी ती पोरगी. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. युर्ग फळी खरवडत होता, मग हळूहळू खरवडायचा थांबला.

“होता कुठला तो? आपला का हा?”

“कसं सांगू? उलटाच केला नाही ना.”

“का नाही केलास?”

शुक्रवार अगदी ओठांवर आला होता. ब्रूनो, अंधार, साहेब, सगळे तयार होऊन उभे होते. मी म्हटलं, “हातमोजा काढावा लागला असता. हात फुटले होते माझे.”

“हातमोजा,” तो म्हणाला. तो हसला की काय झालं कळलं नाही, नाकातून हवा गेली फक्त. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, एमिल ओरडायचा आणि मोकळा व्हायचा. पण हा आईवर गेलाय. मी घाईघाईने बोलायला लागले, की एका किड्याने काही होत नाही, नर असेल तर प्रश्नच मिटला, आणि त्या पोरीकडे असे पन्नास कागद असतील, बंदरं आहेत, गाड्या आहेत, परदेशी फिरून आलेले लोक आहेत. त्याने हात वर केला. “मग सांगतेस कशाला, आत्या? त्या एकाने काही झालं नाही तर मी काय करू हे ऐकून? आणि झालं असेल तर काय करू?” त्याने हातातली फळी खाली ठेवली. “बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, ती खोकी आणायला नको होती. त्या दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना म्हणत होते. तू तिथेच होतीस. त्यांचा हात तुझ्या हातात होता.”

“हो.”

“‘असं काही नसतं रे एमिल.’” त्याने माझा आवाज काढला. चांगला काढला. लहानपणापासून नकला करायचा तो माझ्या आणि मी पोट धरून हसायची.

“त्याला सांगायला हवं होतं,” मी म्हटलं. “मला रडायचा हक्क नाही, म्हणून रडत नाहीये. पण सांगायला हवं होतं.”

तो उठला. पँटवर हात पुसले. खाली रस्त्यावरून मार्लीसची गाडी वळताना दिसली, ती कामावरून परत येत होती. तो गाडीकडे बघत म्हणाला, “मंगळवारी ती बाई येणार, म्हणून आज सांगितलंस.”

“तेही आहे.”

“आणि कपाट सोमवारी आलं.” तो आता माझ्याकडे बघत होता. “मी आणि खालच्या अंगाचा हानेस, आम्ही दोघांनी त्या अरुंद जिन्यावरून चढवलं ते. दार काढावं लागलं बिजागऱ्यांतून. माझी कंबर अजून धरलीये. कपाट वर चढलं, पलंग लागला, पडदे शिवून झाले. आणि मग सांगतेस. मागच्या आठवड्यात फोनवर तासभर बोललीस, तेव्हा नाही सांगितलंस.”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की तसं नाही रे, फोन तर आज सकाळीच आला, त्याआधी कुठे काय होतं. पण होतं की. सगळं होतं. कागद सापडायची मला गरजच नव्हती, तो माझ्या मनातच होता, अठ्ठावीस वर्षं. मी कपाटाची वाट बघत होते का? असं मनाशी ठरवून कधीच नाही. आणि तरीही सोमवारी टेम्पो गेल्यावर, रिकाम्या खोलीत गादीवर आडवी झाले तेव्हा, मला किती दिवसांनी गाढ झोप लागली होती. ते आठवलं. तो खरं बोलत होता. माझ्या स्वतःच्याच पोटातलं त्याने मला उताणं करून दाखवलं होतं आणि मी बघत होते.

“मी कपाट परत नेते,” मी म्हटलं.

“कुठे नेतेस? वेडेपणा करू नकोस.” तो चिडून म्हणाला, पहिल्यांदाच आवाज चढवून. “तू राहणार आहेस इथेच. तुला रस्त्यावर टाकू का मी? पण आज मला तुझ्याकडे बघवत नाहीये, एवढं मी खरं सांगतो.” त्याने बादली उचलली, मग परत ठेवली. “आणि मार्लीसला मी सांगणार नाही. या बागेपायी ती दिवसभर म्हाताऱ्यांची अंगं पुसते. मला नाही जमायचं. तिला कळलं नाही तरी मला चालेल. तुझं तू बघ.” तो निघून गेला, कोठीला वळसा घालून, कंबरेवर हात ठेवून.

उरलेल्या फळ्या मी एकटीनेच पाहिल्या. अर्धवट टाकून कसं चालेल. दोन-तीन निसटले, भिंतीच्या फटीत गेले. ते आता हिवाळाभर तिथे राहतील आणि वसंतात बाहेर येतील. मला वाटत होतं, सांगितलं की हलकं वाटेल, सगळे तसंच म्हणतात. कसलं हलकं! आधी एकटीच्या पोटात होतं, आता त्या पोराच्याही पोटात गेलं. आणि त्याने एक सोय करून दिली होती मला, ‘कळलं नाही तरी चालेल’ म्हणून. केवढी मोठी सोय! स्वयंपाकघरात बसायचं, मार्लीस हसून काहीतरी विचारेल, मी उत्तर देईन, युर्ग ताटात बघत राहील. वर्षानुवर्षं. तिला वाटेल, या घरात आत्या आल्यापासून हा असा गप्प का झाला. मी ते चित्र बघत होते आणि मला त्यात माझी खुर्चीसुद्धा दिसत होती, खिडकीजवळची. मला ती खुर्ची हवी होती. नळावर हात धुतले, वास गेला नाही, पुन्हा धुतले.

स्वयंपाकघरात दिवा लागला होता. सालासकट उकडलेल्या बटाट्यांची वाफ, चीज कापून ठेवलेलं, तीन ताटल्या. मार्लीसने बूट काढून पाय स्टुलावर ठेवले होते, घोटे सुजलेले, मोज्यांच्या कडा रुतलेल्या. मला पाहून ती उठायला लागली. “बस गं, बस,” मी म्हटलं. “आत्या! या या. किती वेळ त्या किड्यांत, जेवायचं सोडून! पडदे पाहिलेत का? नाही ना? जेवून मग वर जाऊ, आधी पाहायचे नाहीत. तुमच्या यंत्राची वादी सैल झालीये बरं का, मी घट्ट केली.” तिने खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी पायाने बाहेर सरकवली. तिच्यावर नवी गादी होती, पडद्यांच्याच निळ्या कापडाची. युर्ग मोरीपाशी पाठमोरा उभा राहून हात धूत होता. पाणी नुसतंच वाहत होतं. “बसा ना,” मार्लीस म्हणाली, “गार होतंय.”

“बसते. आधी एक सांगायचंय.”

“खाता खाता सांगा की.”

“नाही, मार्लीस,” मी म्हटलं. युर्गने नळ बंद केला. तो वळला मात्र नाही. “बसायच्या आधीच सांगायला हवं. तू ऐकून घे सगळं. मग मला बस म्हणायचं की नाही, ते तू ठरव.”

तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाय स्टुलावरून खाली घेतले आणि हात मांडीवर ठेवले. मी उभ्यानेच सांगायला लागले.